पुलावरची चुन्याची रेघ

हल्ली कुणी सत्काराला बोलावलं की सूत्रसंचालन करणारी मुलगी हमखास विचारते, "मॅडम, या भागातल्या पहिल्या महिला पूल अभियंता म्हणून तुम्हाला तेव्हा कसं वाटलं?" कसं वाटणार! पाय दुखले. उन्हाने टाळकं तापलं. साइटवर बाईमाणसाला आडोसा नव्हता म्हणून दिवसदिवस पाणी न पिता काढले, तसं वाटलं. पण समोर शाल-श्रीफळ घेऊन माणसं ताटकळत उभी असतात. मग मी आपली "आव्हानात्मक वाटलं" म्हणते आणि खाली बसते. शेजारचा नवरा हळूच विचारतो, "आज आवाज चढला नाही. तब्येत बरी नाही का?"

माझा आवाज चढला की पेणहून रोह्याला ऐकू जातो, असं त्याचं जुनं म्हणणं. त्याला ते ठाऊक असायचंच, कारण तो रोह्याच्या कंपनीत शिफ्टला असायचा आणि मी पेणच्या खाडीवर. माहेर माझं पेणचं, सासर रोह्याचं, आणि नोकरी दोन्हीकडून गैरसोयीची. रोज सकाळी एसटीने पेण, तिथून खात्याची जीप, आणि जीपचा रस्ता संपला की खाडी.

त्या खाडीवर मला पूल बांधायचा होता. माझा पहिला पूल. पलीकडे मिठागरांचं आणि भातशेतीचं एक गाव होतं. गावाला यायला-जायला एक होडी होती, पण होडी चालायची भरतीला. ओहोटी लागली की खाडीत पाण्यापेक्षा चिखल जास्त. मांडीभर चिखल, आत रुतलेली होडी आणि काठावर पाण्याची वाट बघत बसलेली माणसं. बाजारहाट करणाऱ्यांचं ठीक होतं. बसायची, विड्या ओढायची, गप्पा मारायची. पण अडलेल्या बाळंतिणीला पेणच्या दवाखान्यात न्यायचं असलं, तर पोटातलं मूल काही भरती-ओहोटी बघून येत नाही.

हे मला पहिल्याच आठवड्यात गावातल्या सुईणीने सांगितलं. सगळा गाव तिला आजी म्हणायचा, मीही म्हणू लागले. उंचीने माझ्या खांद्याएवढी, पण बोलायला लागली की मुकादमसुद्धा टोपी काढायचा. मी खांबांच्या जागा आखत होते. ती बांधावरून आली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "सायेब कवा येनार?"

"साहेब मीच."

"तू?" तिने मागे वळून बघितलं, मागे आणखी कुणी उभं आहे का म्हणून. "बरं. मंग ऐक. माझी लेक गेली या चिखलात. पाण्याची वाट बघताना गेली. होडी हिथं आनि ती हिथं." तिने हातभर अंतर दाखवलं. "पूल बांधनार असशील तर बांध. नुसत्या खुंट्या ठोकून जानार असशील तर आताच जा. आदी तीन सायेब खुंट्या ठोकून गेले."

मला राग आला. राग आला की मला काम सुचतं, हा माझा एक गुण. मी म्हटलं, "आजी, खुंट्या मोजायला रोज या."

तर ती खरोखरच रोज यायला लागली. माझं साडीत मचाणावर चढणं बघून पहिल्याच दिवशी तिने कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी तिने मला घरी नेलं आणि मिठागरातल्या बायका नेसतात तसं गुडघ्यापर्यंत घट्ट काष्ट्याचं लुगडं नेसायला शिकवलं. काय सांगू, त्या लुगड्याइतका सोयीचा पोशाख आमच्या खात्याने आजवर कुणाला दिलेला नाही! चिखलात उतरा, शिडी चढा, सळया ओलांडा, कुठे अडकत नाही. एकदा मोठे साहेब अचानक पाहणीला आले. मी बायकांच्या घोळक्यात उभी राहून काँक्रीट बघत होते. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, जरा पाणी आणता का? आणि तुमच्या त्या इंजिनीअर मॅडमना बोलवा." मी आधी पाणी आणून दिलं, मग म्हटलं, "बोला सर." साहेबांना ठसका लागला. आजी मागे पदर तोंडाला लावून हसत होती. पुढे कितीतरी महिने ती मला "पानीवाल्या बाई" म्हणून हाक मारायची.

दोन पावसाळे गेले. खांब उभे राहिले, त्यावर गर्डर बसले, स्लॅब पडला. पूल होत आला आणि त्याच सुमाराला मलाही दिवस गेले. दोन्हींचा हिशोब मी नीट मांडला होता. आधी पुलाची लोड टेस्ट, मग माझी रजा, मग बाळंतपण. कागदावर सगळं अगदी बरोबर बसत होतं.

आजीने तो कागद एका वाक्यात फाडला. "पोटुशी बाईनं खाडी ओलांडू नये गो."

गावात हा नियमच होता. सातवा लागला की बाई खाडी ओलांडणार नाही. या काठची या काठाला आणि त्या काठची त्या काठाला. मी तर रोज होडीने जात-येत होते. आजीने होडीवाल्याला दम भरला. होडीवाला मला बघितलं की वल्हं शोधायचं नाटक करायचा.

मी वाद घातला. "आजी, होडीत बसले तर खाडी ओलांडली. पण पुलावरून गेले तर? पाण्याला पाय तरी लागतो का?"

आजीने विचार केला. "पानी खालून गेलं ना? मंग ओलांडलीच."

"आणि अर्ध्या पुलापर्यंत जाऊन परत आले तर?"

"तर अर्दी ओलांडली. अर्दं पाप." आणि मग ती एकदम चिडली. "हसतेस काय? उगाच नाय सांगितलं वाडवडलांनी. तुला शान्या बाईला काय सांगायचं!"

इकडे ऑफिसातूनही तोच सूर. मोठे साहेब फोनवर म्हणाले, "बाई, तुम्ही रजेवर जा. चाचणी आम्ही करून घेऊ." आम्ही म्हणजे कोण? तर ज्यांनी दोन वर्षांत त्या चिखलात एकदाही पाय घातला नाही ते! मी म्हटलं, "सर, लग्न मी जमवलं, मांडव मी घातला, आणि अक्षता टाकायला तुम्ही?" साहेब फोनवर हसले. माझ्याशी वाद घालायचा त्यांना कंटाळा होता, आणि खरं सांगायचं तर ते मनाने चांगले होते. चाचणी माझ्याकडेच राहिली.

लोड टेस्ट म्हणजे काय, ते सांगते. पुलाच्या एका गाळ्यावर, म्हणजे दोन खांबांमधल्या एका तुकड्यावर, ठरावीक ओझं ठेवायचं आणि एक दिवस एक रात्र ते तसंच राहू द्यायचं. खाली मचाणावर घड्याळासारखं काट्याचं यंत्र लावलेलं असतं. ओझ्याने पूल केसभर खाली वाकतो, तो किती वाकला ते काटा दाखवतो. मग ओझं उतरवायचं आणि पूल परत किती वर येतो ते बघायचं. वाकला म्हणून पूल वाईट ठरत नाही. वाकून परत वर आला नाही, तर वाईट. चाचणीत पूल बसला नाही तर पुन्हा तपासण्या, पुन्हा पत्रं, आणि तोवर पावसाळा तोंडावर. म्हणजे गावाचं आणखी एक वर्ष त्या चिखलात. चाचणी मधेच मोडली तरी तेच.

ओझ्यासाठी वाळूची पोती ठरली होती. कंत्राटदाराने ती आणली तर निम्मी ओली, निम्मी अर्धवट भरलेली, आणि एका पोत्यात तर वाळूबरोबर कुणाची चप्पल. मी कंत्राटदाराला जे बोलले ते इथे लिहीत नाही. आता इतक्या कमी वेळात सारख्या वजनाची, कोरडी, शिवलेली पोती आणायची कुठून? आणि मग मला आठवला पेणजवळच्या जोहे गावचा माझा मामा.

मामाचा गणपतीचा कारखाना. उन्हाळ्यात त्याच्याकडे शाडू मातीच्या पोत्यांची थप्पी छताला लागलेली असायची. सगळी एका वजनाची, कोरडी ठणठणीत. मी जाऊन गळ घातली. मामा आधी माझ्या पोटाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "नेतेस तर ने. पण माती भिजता कामा नये आणि तिच्यावर कुणाचा पाय पडता कामा नये. बाप्पा व्हायचे आहेत तिचे."

मी शब्द दिला. चाचणीच्या दिवशी सकाळी मामा स्वतः ट्रकबरोबर हजर. गावाकडच्या शेवटच्या गाळ्यावर, ह्या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, पोती रचून झाली. मधून जायला बोटभर फट नाही. पुलावरून वाट उरली नव्हती, म्हणून मी भरतीच्या पाण्यावर होडीने गावाकडच्या काठाला गेले, कारण काट्यांचं मचाण त्याच बाजूला होतं. होडीवाल्याने वल्हं शोधायचं नाटक केलं, मी माझ्या आवाजाचं नाटक केलं, वल्हं लगेच सापडलं. सातवा कधीच मागे पडला होता, नववा चालू होता.

इथवर सगळं ठीक होतं. पण परत निघताना मामाने, जित्याची खोड म्हणा, वरच्या पोत्याला हळदकुंकू लावलं, एक नारळ ठेवला आणि हात जोडले. ते गावातल्या एका बाईने पाहिलं.

तासाभरात सगळा गाव पुलावर! "गनपतीची माती आलीय" ही बातमी घराघरांत गेली होती. कुणी फुलं आणली, कुणी तांदूळ, नारळ तर इतके की रचायला जागा पुरेना. मिठागरातून बायका हातातलं काम टाकून आल्या. झांजा आल्या. मी खाली मचाणावर माझ्या मदतनिसाबरोबर काटा बघत होते, तर काटा आपला मध्येच थरथरतो, थांबतो, पुन्हा थरथरतो. मदतनीस घाबरून म्हणाला, "मॅडम, पूल हलतोय!" मी कान दिला. वर आरती चालली होती, आणि ठेका धरून पाय आपटत होते.

मी त्या पोटासकट शिडी कशी चढले ते मला आजही सांगता येणार नाही. वर जाऊन जो आवाज काढला, तो रोह्याला पोचला असणार. "अहो, ओझं मी मोजून ठेवलंय! त्यात तुमचे नारळ धरलेले नाहीत, तुम्ही धरलेले नाहीत! उतरा सगळे खाली!"

एक म्हातारा समजुतीने म्हणाला, "बाई, देवाचं कसलं ओझं?"

"देवाचं नाही, तुमचं!"

नारळ खाली गेले, झांजा खाली गेल्या. मी चुन्याची बादली मागवली आणि पुलाच्या दोन्ही तोंडांना चांगली जाड रेघ मारून घेतली. गावाकडच्या रेघेवर एक राखणदार उभा केला. तो मिठागरात काम करणारा माणूस, हाडापेराने दणकट, डोक्याने सरळ. त्याच्या हातात काठी दिली आणि सगळ्या गावासमोर बजावलं, "उद्या दुपारी पोती उतरेपर्यंत ह्या रेघेच्या आत कुणाचा पाय पडता कामा नये. सरपंच येवो, मोठे साहेब येवोत, मी स्वतः आले तरी सोडायचं नाही. कळलं?"

"व्हय बाई," तो म्हणाला. "तुमी आलाव तरी नाय."

मला किती बरं वाटलं! असा एक माणूस खात्यात असता तर, असंही मनात आलं.

रात्री आजीकडेच मुक्काम केला. तिने भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, पण बोलली नाही. मी खाडी ओलांडून आले होते, तिचा राग होता. झोपताना तेवढं माझ्या पायांना तेल लावलं, तेही जरा जोरातच.

सकाळी मी मचाणावर गेले. काटा जिथे असायला हवा होता तिथेच होता, शहाण्या मुलासारखा. मी खूश झाले. मदतनिसाला काहीतरी सांगायला वळले आणि पोटात एक कळ आली. मी म्हटलं, भाकरी बाधली. दुसरी आली. म्हटलं, चटणी. तिसरी आली तेव्हा मात्र मला कळलं की ह्यात चटणीचा काही दोष नाही. अजून पुरते दिवस भरले नव्हते. माझ्या कागदावर तर हे मूल अजून रजेनंतर यायचं होतं.

मी शिडी उतरले, बांधावर आले आणि खाडीकडे बघितलं. पूर्ण ओहोटी. होडी चिखलात आडवी. पलीकडच्या काठावर माझी जीप उभी होती, ड्रायव्हर बॉनेटवर बसून शेंगा खात होता. इतकी जवळ, की शेंगांची टरफलं दिसत होती. आणि दोघींच्या मध्ये, जीप आणि मी ह्यांच्या मध्ये, माझा पूल.

मी पुलाकडे गेले. राखणदाराने काठी आडवी धरली.

"बाजूला हो. मला पलीकडे जायचंय."

"नाय बाई."

"अरे, मी आहे!"

"तुमी आलाव तरी नाय. तुमीच म्हनलाव."

"माझ्या पोटात दुखतंय रे!"

त्याचा चेहरा कसनुसा झाला. घाम फुटला बिचाऱ्याला. पण काठी हलली नाही. "बाई, मोरं बाप्पाची माती हाय. पोत्यांवर चढून जानार काय तुमी? आनि खाली तुमचा काटा हाय. काल नारळानं हालला, तुमी तर..." पुढचं त्याने गिळलं. माझ्या आकाराबद्दल बोलायचं धाडस त्याला झालं नाही.

मी त्याला वाटेल ते बोलले. त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्याने सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि रेघेवरून पाऊलभरही सरकला नाही.

एवढ्यात मदतनीस धावत आला. पांढराफटक पडला होता. "मॅडम, माणसं बोलावतो. पोती उतरवू. चाचणी मोडली तर मोडली, पुन्हा करू."

पुन्हा म्हणजे कधी, ते त्याला माहीत होतं आणि मलाही. पावसाळ्यानंतर. मी त्या चिखलाकडे बघितलं. होडी जिथे रुतली होती, तिथून काठ हातभर अंतरावर होता. आजीने पहिल्या दिवशी दाखवलेलं तेवढंच अंतर. आणि मला भीती वाटली. लिहायला लाज कसली? मी आयुष्यात तेवढी कधीच घाबरले नाही, ना त्याच्या आधी ना नंतर. मला वाटलं, मी इथेच मरणार, माझ्या स्वतःच्या पुलाच्या पायथ्याशी, आणि पोटातल्या जिवालाही घेऊन जाणार. मला माझी आई हवी होती. मी ओरडले, पण ओरडले ते भलतंच. "पोत्यांना हात लावाल तर याद राखा!"

"वरडू नको," मागून आजीचा आवाज आला. कुणीतरी तिला बोलावून आणलं होतं. तिने माझ्या पोटावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि हात तसाच ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "पान्याला यायला येळ हाय. तुज्या पोराला येळ नाय. घरात चल."

"आजी, दवाखाना..."

"दवाखाना पल्याड हाय, तू अल्याड हायस. पोती उतरंस्तवर तुजं पोर बांधावर व्हईल." तिने तोंड माझ्या कानाशी आणलं. "माज्या लेकीला मी चिखलात नेली. लोकं म्हनाली दवाखान्यात ने, मी ऐकलं. घरात ठेवली असती तर माज्या हाताला लागली असती का नाय, द्येवाला ठाव. तुला नाय नेत मी चिखलात. चल गो माजे बाय."

मी गेले. राखणदाराने काठी टाकली, मला एका बाजूने धरलं आणि आजीच्या दारापर्यंत पोचवलं. आणि लगेच धावत परत रेघेवर जाऊन उभा राहिला!

पुढचं काय सांगायचं? सगळ्या बायांचं होतं तेच. एवढंच, की मधल्या मधल्या सवडीत मी ओरडून विचारत होते, "काटा किती झाला?" मचाणापासून आजीच्या दारापर्यंत बायका बांधावर उभ्या राहिल्या होत्या. प्रश्न एकीकडून दुसरीकडे जायचा, उत्तर तसंच परत यायचं, आणि दाराशी उभी असलेली शेजारीण आत तोंड घालून सांगायची, "हाय तिथंच हाय! हालला नाय!"

"काट्याला घाल चुलीत," आजी म्हणायची. "जोर लाव गो!"

मुलगी झाली. रडायला तिने जरा वेळ घेतला. तेवढ्या वेळात आजीचा चेहरा मी पाहिला, आणि पुन्हा कधी पाहायचा नाही असं ठरवलं. मग पोरीने जो टाहो फोडला, तो ऐकून बांधावरच्या बायका हसायला लागल्या. आजी जमिनीवर मटकन बसली आणि म्हणाली, "आवाज आयचा हाय." आणि पदर डोळ्यांना लावून मोकळेपणाने रडली.

दुपारी पोती उतरली. ड्रायव्हरने निरोप पोचवला होता, भरतीला नवरा होडीने आला. फॅक्टरीच्या कपड्यांतच होता, शिफ्ट अर्धवट टाकून आलेला. दारात उभं राहून त्याने आधी मला बघितलं, मग पोरीला, मग पुन्हा मला, आणि हळूच विचारलं, "पूल कसा आहे?" ह्या माणसाशी मी लग्न केलं ते काही चूक केली नाही, असं मला तेव्हा वाटलं.

पूल कसा आहे, ते दुसऱ्या दिवशी कळायचं होतं. मला सुवेर, घराबाहेर पाऊल टाकायची बंदी. आजीपुढे माझा आवाज चालत नव्हता. मग ती स्वतः मचाणाशी गेली, मदतनिसाकडून वदवून घेतलं आणि घोकत घोकत परत आली. दाराशी उभी राहून तिने आधी आकडा सांगितला, मग म्हणाली, "त्यो पोरगा म्हनतो, वाकला व्हता तो जवळजवळ समदा वर आला. नाचतोय तिथं येड्यासारका." आणि पुढे लगेच, "आता तू निज. येका टायमाला दोगांचं बाळंतपन मला नाय जमत."

मामा आपली माती घेऊन गेला. एका पोत्याला नारळाचं पाणी लागून डाग पडला होता, त्यावरून मला पुढे कितीतरी वर्षं ऐकून घ्यावं लागलं. त्या वर्षी त्याने मला घरासाठी मूर्ती दिली तीसुद्धा त्याच पोत्यातली, असं तो म्हणायचा.

बारसं आजीच्या अंगणात झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. पुलाचं उद्घाटन अजून व्हायचं होतं, फीत कापायला कुणाला बोलवायचं ह्यावर वर खल चालला होता. तोवर पूल बंदच, चुन्याची रेघ अजून पुसली नव्हती. राखणदार तिथेच उभा. त्याने माझ्याकडे बघितलं, खात्री करून घ्यायला विचारलं, "बाई, आता सोडू ना?" मी म्हटलं, "सोड बाबा, सोड!"

पोर आजीच्या हातात होती. मला वाटलं, रेघेशी आली की ती पोर माझ्याकडे देईल आणि माघारी फिरेल. लेक गेल्यापासून तिने खाडी ओलांडली नव्हती. होडीत पाय ठेवला नव्हता, पेणचा बाजार पाहिला नव्हता. गावात सगळ्यांना हे माहीत होतं. पण ती थांबली नाही. रेघ ओलांडून चालायला लागली. मी मागे, नवरा मागे, आणि त्याच्यामागे गावातल्या बायका, एकेक करत.

काठ संपून खाली चिखल सुरू झाला तिथेच ती थांबली. कठड्यावरून खाली वाकून बघितलं. ओहोटी होती. खाली तोच चिखल, तीच रुतलेली होडी.

"हिथं," ती म्हणाली.

तिने पोरीच्या अंगावरचं दुपटं नीट केलं, ऊन लागू नये म्हणून पदराचा आडोसा धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खाडीनं अडवलेली शेवटची बाळंतीन तू गो. आता कोन नाय अडकनार."

आणि पुढे चालायला लागली. दोन पावलांवर मागे वळून ओरडली, "कानाला बांद आदी! वारं लागंल. लोकांचे पूल बांदते, सोताचे कान बांदायला सांगावं लागतं!"